डोंगर चढणारे आणि डोंगर उतरणारे

डिसेंबरातला कोणताही रविवार घ्यावा आणि सकाळी सातच्या सुमारास परतवाड्याच्या चौकात, चहाच्या टपरीपाशी अर्धा तास उभे राहावे. अमरावती-अकोल्याकडून येणाऱ्या मोटारी एकामागून एक चिखलदऱ्याच्या दिशेने वळत असतात. काचा वर, आत स्वेटर-कानटोप्या घातलेली मुले, मागच्या सीटवर डबे. त्याच वेळी घाटातून काळ्या-पिवळ्या जीपगाड्या खाली येत असतात. त्यांच्या टपावर गाठोडी, पातेली, क्वचित एखादी कोंबडी आणि आत दाटीवाटीने बसलेली कोरकू माणसे. ती कापूस वेचायला, संत्री तोडायला, वीटभट्टीवर चाललेली असतात आणि पोरेबाळे बरोबरच असतात. वर जाणारे संध्याकाळी परत येतील. खाली जाणारे होळीला परत येतील. एकाच रस्त्यावरून, एकाच थंडीत, एकमेकांना ओलांडून जाणाऱ्या या दोन प्रवाहांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे कोणाला वाटत नाही. तो आहे, आणि वऱ्हाडातल्या हिवाळी पर्यटनाचा विचार तिथूनच सुरू झाला पाहिजे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

वऱ्हाड म्हटले की बाहेरच्या माणसाला ऊन आठवते. अकोल्याचा मे महिना ही जणू आपली राष्ट्रीय ओळख. पण आपल्याकडे हिवाळाही चांगला कडक असतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे अनेकांच्या स्मरणात असेल. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच आणि वैराटचे टोक त्याहूनही थोडे वर. पहाटे तिथल्या गवतावरून चालले तर चपला आणि पोटऱ्या दवाने भिजून बधिर होतात. संबंध विदर्भाला थंड हवेचे ठिकाण म्हणून एवढेच आहे. साहजिकच नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत ‘एक दिवस वर जाऊन येऊ’ म्हणणाऱ्यांची गर्दी वाढत चालली आहे. त्यात गैर काही नाही. वर जाऊन आपण काय करतो, हा प्रश्न मात्र आहे.

हा प्रश्न मला सुचला नव्हता. तो विचारला माझ्या भाचीने. ती कॅनडात माँट्रियलला असते. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत आली, तेव्हा आम्ही तिला चिखलदऱ्याला नेले. शक्कर तलावापाशी गाडी उभी केली. ती खाली उतरली, बुटाच्या नाड्या आवळल्या, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाली, “मामा, चालायची वाट कुठून सुरू होते?” मी म्हणालो, “अगं, वाट कसली? पॉइंट आहेत. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड. गाडीनेच जायचं.” ती गप्प बसली. दुपारी जेवताना तिने तिकडच्या हिवाळ्याचे सांगितले. चार-चार फूट बर्फ पडते, पण सुटीच्या दिवशी घरात कोणी बसत नाही. पायांना स्नोशू बांधायचे आणि डोंगरात दिवसभर भटकून अंधार पडायच्या आत परतायचे. वाटेच्या तोंडाशी नकाशा, वाट किती लांब आणि किती अवघड याची पाटी, झाडांवर रंगाच्या खुणा. गावाबाहेरच्या डोंगरात जायचे तर नाव नोंदवायचे आणि थोडे शुल्क भरायचे.

स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद, जाळीदार चौकट. वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरते, म्हणून पाय बर्फात रुतत नाही. आपल्याकडे त्याचा काही उपयोग नाही, पण त्याचा इतिहास आपल्या उपयोगाचा आहे. हे साधन तिथल्या आदिवासींचे. लाकडाची वाकवलेली चौकट आणि चामड्याच्या वादीची वीण. शिकारीसाठी, एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जाण्यासाठी, थोडक्यात हिवाळ्यात जगण्यासाठी त्यांनी ते घडवले. गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि सैनिकांनी ते उचलले. १८४० च्या सुमारास माँट्रियलच्या सुखवस्तू मंडळींनी त्याचा क्लब काढला आणि हातात मशाली घेऊन ही मंडळी रात्री माँट रॉयलच्या टेकडीवरून मिरवू लागली. एका समाजाची गरज दुसऱ्या समाजाचा छंद झाली. ज्याचे साधन तो मात्र त्या छंदाच्या चित्रातून हळूहळू बाजूला पडला. त्या माँट रॉयलवर १८७६ मध्ये सार्वजनिक उद्यान झाले आणि आजही तिथे स्नोशूच्या वाटा आहेत. टेकडीची उंची सव्वादोनशे-अडीचशे मीटर. म्हणजे आपल्या गाविलगडाच्या पायथ्याशी कोणी तिच्याकडे मान वर करून पाहणार नाही. पण तिला वाट आहे, आणि आपल्या सातपुड्याला पार्किंग आहे.

अर्थात सातपुड्यात वाटा नाहीत असे कोण म्हणेल? वाटांचे जाळे आहे. मोहाच्या झाडाकडे जाणारी वाट, पाण्यावर जाणारी वाट, लेक दिली त्या गावाची वाट, बाजाराची वाट. ती कोरकूंनी, गवळ्यांनी, निहालांनी पिढ्यान्‌पिढ्या चालून पाडलेली आहेत. आपण त्यांना वाटा समजत नाही, कारण त्यांच्यावर पाटी नाही. आणि या डोंगरात बाहेरून येणाऱ्यांसाठी जे जे बांधले गेले, ते या वाटांना वगळून बांधले गेले.

याचे जुने उदाहरणही थंडीतलेच आहे. १८०३ चा डिसेंबर. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यात अडगावची लढाई हरल्यावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने गाविलगडाचा आश्रय घेतला. आर्थर वेलस्लीच्या लक्षात आले की किल्ल्यावर मारा करायचा तर तो उत्तरेकडूनच करावा लागेल. ते काम स्टीव्हन्सनच्या तुकडीकडे आले. ७ ते १२ डिसेंबर या काळात सैनिकांनी स्वतः रस्ता तोडत अवजड तोफा हातांनी ओढत डोंगरांतून आणि दऱ्यांतून लबाडा गावापर्यंत नेल्या. १५ तारखेला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. तोफांसाठी फोडलेला तो रस्ता डोंगराच्या सोयीचा नव्हता आणि डोंगरातल्या माणसांच्याही नव्हता. पुढे वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनला चिखलदऱ्याचे पठार ‘सापडले’. तिथे राहणाऱ्यांना ते हरवल्याचे माहीत नव्हते. मग साहेबांचे बंगले आले, कॉफी आली. स्वातंत्र्यानंतर विश्रामगृहे आणि हॉटेले आली. अलीकडे सिडकोने गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा सुमारे ४०७ मीटर लांबीचा काचेचा ‘स्कायवॉक’ हाती घेतला. २०१८ नंतर या पुलाच्या बातम्या आपण इतक्या वेळा वाचल्या आहेत की दरीपेक्षा पुलाचीच ख्याती झाली. मला त्या पुलाबद्दल आकस नाही. मात्र डोंगरावर पाय न ठेवता डोंगर पाहण्याची जी सोय आपण करीत आलो, तिचे हे शेवटचे टोक आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

इथे थोडे स्वतःचे सांगतो. १९८०च्या दशकाच्या मध्यावर मी बँकेत लागलो आणि दोन वर्षांतच सातपुड्याच्या पायथ्याच्या एका लहान शाखेत माझी बदली झाली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. शेळ्या, बैलजोडी, दुधाळ जनावर यांसाठी कर्जे वाटायची आणि मार्चअखेर वसुली दाखवायची. जानेवारीत मी शिपायाला बरोबर घेऊन वरच्या गावांत वसुलीला निघालो. एका गावात पंधरा-वीस घरांच्या दारांना नुसती काडी लावलेली. कुलूपसुद्धा नाही. एक म्हातारी अंगणात उन्हाला बसली होती. मी चिडलो. कर्जबुडवे पळाले, असे काहीतरी बोललोही. शिपाई खालच्याच गावचा. तो म्हणाला, “सायेब, पयाले नाहीत थे. कापूस येचाले गेले. होयीले येतीन.” मी वरिष्ठ कार्यालयाला जो अहवाल पाठवला, त्यात ‘कर्जदार गावात आढळले नाहीत’ असे लिहिले. वाक्य खरे होते, अहवाल खोटा होता. कार्यक्रमाचे वर्ष मार्चला संपत होते आणि त्यांचे वर्ष फाल्गुनात होळीपाशी फिरत होते. त्या पोटतिडकीने होळीला घरी येण्यामागे नुसता सण नव्हता. चार महिन्यांची मजुरी, देणीघेणी, सोयरिकी, सगळा हिशेब तेव्हाच मांडला जात होता. आमच्या खातेवहीत त्याला रकाना नव्हता, एवढेच.

आता तो रकाना पर्यटनाच्या हिशेबातही नाही. अमरावतीहून चारजणांचे कुटुंब दिवसभरासाठी वर जाते, तेव्हा त्याचा रुपया कुठे कुठे जातो ते पाहावे. मोठा वाटा पेट्रोलपंपावर. त्यानंतर हॉटेलात. थोडा खेळण्यांच्या आणि खाऊच्या दुकानांत. खवा, रबडी घेतली तर काही गवळ्यांकडे पोचतो. मोथ्याकडच्या शेतकऱ्यांनी अलीकडे स्ट्रॉबेरी लावली, ती रस्त्याकडेला घेतली तर तिथेही पोचतो. कोरकूच्या हाती काय येते? बोराच्या वाट्याचे दहा-वीस रुपये. गर्दीचा हंगाम आणि गाव रिकामे होण्याचा हंगाम एकच असताना, गर्दीतून गावाला काम मिळत नाही. हा कोणाच्या दुष्टपणाचा भाग नाही. पर्यटनाची रचनाच अशी आहे की मोटारीत बसलेल्या माणसाला वाटाड्याची गरज पडत नाही.

मेळघाटच्या बाबतीत हे दुखणे आणखी खोल आहे. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होते. वाघाला जागा हवी हे मान्य. ती जागा गावे उठवून झाली. २००१ नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावे आधी हलली. मग वैराट, चुर्णी आणि अकोटच्या बाजूची आठ गावे हलली. नुकसानभरपाई म्हणून कुटुंबामागे २००८ मध्ये दहा लाख रुपये ठरले आणि २०२१ मध्ये ते पंधरा लाख झाले. बँकवाल्याच्या नजरेने सांगतो, दहा लाखांची ठेव आणि दहा लाखांचे जंगल यांत फरक आहे. ठेवीवर व्याज मिळते, पण मोह, तेंदू, डिंक, चारा, सरपण मिळत नाही, आणि खर्च झालेली ठेव पावसाळ्यात पुन्हा उगवत नाही. अकोट-तेल्हारा भागात वसवलेल्या या आठ गावांतले शेकडो लोक २०१९ च्या जानेवारीत जुन्या जागी परत गेले. केलपाणी-गुल्लरघाट भागात त्यांचा वनखात्याशी आणि पोलिसांशी संघर्ष झाला आणि दोन्हीकडची माणसे जखमी झाली. ज्या वाटेने चालण्याचा त्यांना मज्जाव आहे, तिच्या बाजूने आता सफारीची जिप्सी जाते. कायद्याच्या दृष्टीने याचे उत्तर देता येईल. माणसाच्या दृष्टीने ते अवघड आहे.

अकोलेकरांना हे धारगडच्या निमित्ताने चांगले ठाऊक आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी पोपटखेडच्या बाजूने हजारो भाविक महादेवाच्या दर्शनाला जंगलातून जातात, आणि कोणाला, कधी, कसे सोडायचे यावर दरवर्षी चर्चा होते. म्हणजे पायी डोंगर चढण्याची आपली परंपरा मेलेली नाही, ती देवापुरती उरली आहे. तिकडे नरनाळ्याला पाहा. शहानूरपासून वर चढत जाणारा किल्ला, एकामागून एक दरवाजे, १४८७ मधला शिलालेख मिरवणारा महाकाली दरवाजा आणि त्यावरचे कोरीव काम. हा दरवाजा जुन्या चढणीने पायी येऊन, धाप लागलेली असताना समोर दिसावा म्हणून बांधलेला आहे. आपण गाडीने वर जातो, दरवाजाला टेकून छायाचित्र काढतो आणि खाली येतो. बांधणाऱ्याचा अर्धा हेतू तिथेच वाया जातो.

मग करायचे काय? पहिला आक्षेप ठरलेला आहे: वाघ. तो खोटा नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोबात पायी पाहणी करणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. प्रशिक्षित माणसाची ही गत, तर हौशी मंडळींचे काय? म्हणून गाभ्याच्या जंगलात पायवाटा खुल्या करा असे मी म्हणणार नाही. पण वाघ आहे तिथे पायी चालणे सर्वस्वी अशक्य, हेही खरे नाही. केरळातल्या पेरियार व्याघ्र प्रकल्पात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक धाडस केले गेले. जंगलात चोरून दालचिनीची साल काढणाऱ्या, शिकार करणाऱ्या माणसांना गुन्हे चालवून संपवण्याऐवजी वनखात्याने त्यांच्याशी करार केला. तीच माणसे वाटाडे झाली. त्यांच्यासोबत लहान गटांनी, ठरलेल्या वाटेने, सशस्त्र रक्षक घेऊन पर्यटक पायी जाऊ लागले. ज्यांना जंगल सगळ्यात जास्त माहीत होते, त्यांच्याच हाती ते राखणे आले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातले पर्यटन काही काळ थांबवले आणि नंतर मार्गदर्शक तत्त्वांसह ते पुन्हा सुरू झाले. पर्यटनाचा लाभ स्थानिकांना मिळावा हे त्या तत्त्वांतही आहे. कागद तयार आहे. चालायचे बाकी आहे.

दुसरा आक्षेप: ग्रामसभांना हे जमेल का? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी परतवाड्याहून फार लांब जाऊ नये. पायविहीर गाव पाहावे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, उजाड टेकडी गावाने राखली, झाडे लावली, सीताफळे एकत्र विकायला सुरुवात केली आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. सीताफळाचा हिशेब ठेवणारी ग्रामसभा वाटाड्यांच्या पाळ्यांचा हिशेब ठेवू शकणार नाही, असे मानायला आधार नाही.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. गाभा क्षेत्राबाहेर, चिखलदऱ्याचे पठार, गाविलगडाचा परिसर, मोथ्याकडचा भाग, नरनाळ्याची जुनी चढण अशा चार-पाच वाटा आखाव्यात. वाटेच्या तोंडाशी नकाशा, अंतर, चढ आणि पाण्याची जागा यांची पाटी मराठीत आणि कोरकूत असावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम. दिवसाला ठरावीक गट, गटामागे गावचा वाटाड्या सक्तीचा आणि शुल्क थेट ग्रामसभेच्या खात्यात.

हिशेब करण्याची सवय जात नाही, म्हणून तोही मांडतो. समजा, दहाजणांचा एक गट, दिवसाला वीस गट, आणि सोळा आठवड्यांचे शनिवार-रविवार मिळून बत्तीस दिवस. वाटाड्याला गटामागे हजार रुपये धरले तर हंगामात सहा लाख चाळीस हजार रुपये होतात. म्हणजे वीस घरांना हिवाळ्यात प्रत्येकी बत्तीस हजार. आकडा छोटा आहे, हे मला दिसते. यातून मेळघाटचे स्थलांतर थांबणार नाही. त्याला जमीन, पाणी, वेळेवर मिळणारी रोजगार हमीची मजुरी यांचीच गरज आहे, आणि पर्यटनाच्या नावाखाली ती जबाबदारी कोणी झटकू नये. पण वीस घरांतली मुले नोव्हेंबरात शाळेतून उठून वीटभट्टीवर जाणार नाहीत, हे वीस घरांपुरते तरी मोठे आहे. आणि काचेच्या पुलाच्या खर्चापुढे चार-पाच वाटांचा खर्च म्हणजे किरकोळ खर्चाच्या सदरात मांडण्याइतका.

यात आपलाही स्वार्थ आहे. बहिरमच्या यात्रेत हंडीचे मटण आणि रोडगे खाऊन थंडी साजरी करणारे आपण लोक चालायचे विसरत चाललो आहोत. मधुमेह आणि गुडघेदुखी यांनी घरोघर ठाण मांडले आहे. दिवसभर चालण्यातून शरीराला जे मिळते ते आहेच. त्याहून महत्त्वाचे असे की चालणाऱ्याला शेजारी चालणाऱ्याशी बोलावे लागते. पॉइंटवर पंधरा मिनिटांत मोटारीतून उतरून चढणाऱ्याला कोरकू माणूस दिसतो तो दृश्याचा भाग म्हणून. वाटाड्याच्या मागे चार तास चालले की त्याचे नाव विचारावे लागते, त्याची मुले काय शिकतात ते कळते, आणि कोणत्या झाडाला तो काय म्हणतो तेही कळते.

परतीच्या वाटेवर घाट उतरताना आमच्या गाडीपुढे अशीच एक भरलेली जीप चालली होती. मागे पाय लोंबकळत बसलेल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलाने भाचीला हात केला. तिनेही केला. “हे कुठे चाललेत, मामा?” तिने विचारले. मी सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे वाट माहीत असलेले सगळे खाली चाललेत आणि वाट माहीत नसलेले वर.”

परतवाड्याच्या चौकात ती जीप अकोटच्या बाजूला वळली आणि आम्ही अमरावतीच्या.